हौसाबाईची कुंकवाची वही

शिरवंडीच्या पाराला अजून दगडी कठडा नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. लढाई पहिली होती की दुसरी, यावर गावातली म्हातारी माणसं अजून हमरीतुमरीवर येतात, तेव्हा ते आपण सोडून देऊ. घराघरातला गडी पलटणीत गेला होता, एवढं मात्र सगळ्यांना मान्य आहे.

त्यात हौसाबाईचा नवरा सुबरावही होता. जायच्या आधी त्यानं बायकोला चुलीपुढच्या राखेत बोटानं अक्षरं गिरवायला शिकवलं. भावकी हसली, पण त्यानं कुणाला भीक घातली नाही. निघताना त्यानं शंभर पानांची एक वही तिच्या हातात दिली. रोज एक ओळ लिहून ठेव, आलो की सगळं वाचीन, असं सांगून तो गेला. मग हौसाबाई रोज लिहू लागली. गाय व्याली. आत्याबाईंचा गुडघा सुजला. लिंबाला मोहोर आला.

दुसऱ्या वर्षी तार आली. सुबराव लढाईत पडला, असं तारेत होतं. घरात रडारड झाली. चौथ्या दिवशी भावकीतल्या बायका हौसाबाईचं कुंकू पुसायला जमल्या, तोच पोस्टमन पत्र घेऊन दारात. अक्षर सुबरावचंच. मी खुशाल आहे, काळजी नसावी. पण तारीख पलटणीच्या लोकांनी काळ्या शाईनं खोडलेली. पत्र तारेच्या आधी लिहिलं की नंतर, काही पत्ता लागेना.

सासू म्हणाली, माझं लेकरू जिवंत आहे, कुंकू लाव. भावकी म्हणाली, सरकारची तार खोटी कशी असेल, कुंकू पूस. हौसाबाई करंडा मांडीवर घेऊन दोघांच्या मधे बसली. तो गेलेला असताना लावलं तर ते खोटं कुंकू. तो जिवंत असताना पुसलं तर आपल्याच हातानं त्याला मारल्यासारखं. तिला काही म्हणजे काही सुचेना. दुपार कलली तशी ती उठली. तिनं कोनाड्यातली वही काढली, बोटावर कुंकू घेतलं आणि त्या दिवसाच्या पानावर टेकवलं.

"आत्याबाई, कपाळाचं मला कळंना," ती सासूला म्हणाली. "वही त्यांनी दिलीया, म्हणून वहीला लावते. ते आलं की तेच सांगतील."

गावानं पलटणीला विचारलं. उत्तर आलं की सुबराव मेलेल्यांच्या यादीत नाही आणि जिवंतांच्याही नाही. आता बोला!

लढाई संपली. उरलेले गडी परतले, पण सुबरावला पडताना कुणी पाहिलं नव्हतं आणि उठतानाही नाही. हौसाबाईच्या कपाळावर नुसतं हिरवं गोंदण राहिलं. गळ्यातलं डोरलं तिनं वहीच्या दोऱ्यात ओवलं. रोज एक टिकली, रोज एक ओळ. पुष्कळ पानांवर ओळ एकच आहे, 'आज कळलं नाही.' असं म्हणतात, शंभर पानांची ती वही तिला एकतीस वर्षं पुरली. कुणी पानं मोजायला बसलं की दर वेळी आकडा वेगळा यायचा.

एके दिवशी सकाळी ती वहीवर डोकं टेकून गेलेली दिसली. शेवटची टिकली अजून ओली होती. तिच्याखाली बोटानं, राखेनं लिहिलेली एक ओळ होती आणि अक्षर हौसाबाईचं नव्हतं. 'सगळं वाचून झालं.' घरातली चूल तर दोन दिवस पेटली नव्हती, आणि तिच्यात चिमूटभर राखही उरली नव्हती.

आता हिला सवाष्ण म्हणून न्यायची की विधवा म्हणून, भावकी पुन्हा गोंधळात पडली. पुरुष बोलत राहिले. तेवढ्यात पूर्वी कुंकू पुसायला आलेल्यांपैकी दोघी म्हाताऱ्या पुढं झाल्या आणि त्यांनी गपचूप तिचा मळवट भरला. असं म्हणतात, त्या वेळी सगळ्यात मोठ्यानं त्याच रडल्या.

ती वही गावच्या वाचनालयात, जुन्या कागदांच्या कपाटात आहे. मधे वाळवीनं अख्खं कपाट पोखरलं, वहीला मात्र तोंड लावलं नाही. कुंकवात हळद असते, हळदीला वाळवी बिचकते, असं शहाणी माणसं सांगतात. सांगोत बापडी. मग राखेची ओळ इतक्या हातांनी पुसली कशी नाही, हे विचारलं की तीही डोकं खाजवतात.

आजही शिरवंडीत कुणाचा धनी गेला, किंवा गेला की आहे तेच कळेनासं झालं, तर त्या बाईचं कुंकू कुणी पुसत नाही. तिला वाचनालयात नेतात. ग्रंथपाल वही उघडून देतो आणि बाहेर जाऊन उभा राहतो. ती एका पानावर टिकली लावते, सुचली तर एक ओळ लिहिते. तिच्यासाठी कोरं पान निघतंच. बाहेर आल्यावर तिच्या कपाळाकडं कुणी बघत नाही. त्याचं काय करायचं ते तिचं तिला कळतं, आणि नाही कळलं तरी चालतं.