वारोडीचा न सोडलेला नारळ

ही हकिकत ऐकून चाळीसेक वर्षे झाली. सगळी नीट आठवते असे छातीठोकपणे म्हणवत नाही. शिडाच्या होडीने वारोडीची खाडी ओलांडताना मुखाशी एक खडक लागतो. ओहोटीला त्याच्या कुशीत काळ्या फासळ्या उघड्या पडतात. जुन्या काळच्या लढाऊ गलबताच्या, गुराबेच्या. होडीवाले नथू तांडेल तिथे शीड उतरवीत आणि त्या गुराबेकडे बोट करून पाहुण्यांना म्हणत, "नारळी पुनवेला सगळा किनारा दर्याला नारळ देतो. आमचं गाव देत नाही. का, ते हिला विचारा."

सांगतात ते असे. पावसाळ्यात वर ओढून ठेवलेली होडी नारळ सोडल्यावाचून पाण्यात घालायची नाही, हा नेम वारोडीतही होता. पहिल्या नारळाचा मान धाकू तांडेलाच्या घराचा. एका पुनवेला गावातलाच हरबा सारंग आडवा आला. मान आपला, म्हणे. सजवलेल्या होड्या वाळूत, गाव दोन बाजूंना, आणि उन्हे चढली तरी भांडण मिटेना.

तेवढ्यात गुराब दिसली. लढाईतून परतत होती. डोलकाठी मोडलेली, शिडे फाटलेली. खडकावर चढून ती कलली. वरची माणसे पागोटी हलवू लागली. त्यांत धाकूचा एकुलता लेक लखमा होता.

"होड्या घाला!" कुणीतरी ओरडले.

"आधी नारळ," हरबा म्हणाला. "धाकूदादा, मान सोडला म्हण गावासमोर. ह्या घातल्या होड्या."

"तू बाजूला हो. मी टाकतो नारळ."

"मामंजी, द्या की त्यांना," सून भागी पुढे झाली. "तिच्यात तुमचा लेक हाय."

धाकूला दिसत होते सगळे. पण आज मान गेला तर कायमचा गेला. आणि राखायचा तो लखमासाठीच ना? गुराब दणकट आहे, दुपारच्या भरतीपर्यंत टिकेल, असे त्याने धरले. जन्म दर्यावर काढलेल्या माणसाचा अंदाज. पण आतून किती फुटली आहे ते किनाऱ्यावरून दिसत नव्हते.

अखेर त्याने नारळ हरबापुढे धरला. तोवर गुराब आडवी झाली होती. हरबाने तो घेतला नाही. कुणीच घेतला नाही. होड्या नारळावाचूनच सुटल्या. पोचल्या तेव्हा पाण्यावर पागोटी तेवढी तरंगत होती.

"मग आता कशा सुटल्या होड्या?" भागीने विचारले, म्हणे.

आजही वारोडीच्या होड्या पुनवेला नारळावाचून, वाजंत्रीवाचून पाण्यात जातात. दोन्ही घरांनी त्याच दिवशी मान दर्यात बुडवला, असे सांगून नथू तांडेल हात जोडत.

हे ऐकल्यावर बऱ्याच वर्षांनी मला जुन्या दप्तरात वारोडीचा एक कागद मिळाला. गुराब बुडाल्यानंतर अकरा वर्षांनी लिहिलेला. खाली धाकू आणि हरबा, दोघांच्या निशाण्या. मजकूर दोनच ओळींचा: गावात नारळ सोडणे बंद आहे, पुन्हा सुरू झाल्यास पहिला मान कोणाचा, याचा निवाडा व्हावा.