तातोबाच्या भाचीचं लग्न

"आता काय कमी राहिलं, वस्ताद? तेवढं एकदा सांगून टाका."

सुबरावने हातातलं फडकं बॉनेटवर आपटलं. समोर खाटेवर बसून बाबालाल वस्ताद बशीतला चहा फुंकत होते. त्यांनी फुंकणं काही थांबवलं नाही.

करूळ घाटाच्या तोंडाशी वस्तादांचं गॅरेज. सुबराव पोरवयात तिथं आला आणि तिथंच वाढला. आता त्याला गावात स्वतःचं गॅरेज टाकायचं होतं. शेड उभी होती, पाटी रंगवून झाली होती. घोडं अडलं होतं एका पान्यावर. वस्तादांनी आपल्या हातातला पाना चेल्याला दिला, की तो मिस्त्री झाला, अशी त्या घाटातली रीत. तोवर त्याच्या दारात कुणी सायकलसुद्धा उभी करायचं नाही.

आणि वस्ताद पाना काही देत नव्हते.

"ही पिकअप उभी कर, मग बघू," एवढंच म्हणाले होते.

पिकअप तातोबाची, आणि तातोबाइतकीच म्हातारी. खाली कोकणात गूळ न्यायचा, येताना नारळ आणायचे, यातच तिची हयात गेली. यंदा घाट चढताना ती तापली आणि इंजिनाचं हेड तडकलं. दोर बांधून ओढत आणली, तेव्हा आत पाण्याचा थेंब शिल्लक नव्हता.

सुबरावने जीव ओतून काम केलं. तडकलेलं हेड उतरवलं, नवं आणलं, गास्केट घातलं. बोल्ट मधल्यापासून बाहेर, थोडे थोडे, फेऱ्याफेऱ्यांनी आवळले. नाव ठेवायला जागा ठेवली नाही. त्रास होता तो एकच. हा आवळायला वाकला, की तातोबा डोक्याशी येऊन उभा.

"मिस्त्री, त्येचं काय झालं, आजऱ्याला आमच्या भाचीचं लगीन हुतं बघा..."

"तात्या, नंतर."

"न्हाई, म्हंजे मांडव मोट्टा हुता. आन् आमचं दाजी..."

"तात्या, हात जोडतो तुम्हाला. जावा, चहा प्या जावा."

म्हाताऱ्याच्या बोलण्याला ना शेंडा ना बुडखा. कोल्हापूरला निघालेला माणूस बोलता बोलता बेळगावात पोचायचा. ऐकून ऐकून सुबरावचे कान किटले होते. हाकललेला तातोबा बिचारा वस्तादांच्या खाटेशी जाऊन बसायचा.

"वस्ताद, मी काय विचारतोय?"

"चालू कर," वस्ताद म्हणाले.

सुबरावने किल्ली फिरवली. इंजिन एका दमात सुरू झालं. त्याने लांब स्क्रू-ड्रायव्हर उचलला, टोक नव्या हेडवर टेकवलं आणि मूठ कानाला लावली. आतला आवाज मिस्त्री लोक असाच ऐकतात.

"खडखड नाही, फुसफुस नाही. वस्ताद, तुमच्या माघारी या घाटात कान कुणाचा असेल, तर तो माझाच."

वस्ताद उठले. त्यांनी स्क्रू-ड्रायव्हरसाठी हात पुढे केला. आता स्वतः ऐकणार, मान डोलावणार आणि पाना देणार... सुबरावने हात फडक्याला पुसून तयार ठेवला.

वस्तादांनी इंजिन बंद केलं. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक खाटेशी बसलेल्या तातोबाच्या सदऱ्याच्या बटणावर टेकवलं आणि मूठ सुबरावपुढे धरली.

"लाव कान."

"कुठं?"

"इथं."

"चेष्टा करताय होय वस्ताद?"

"लाव."

सुबरावच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण पाना वस्तादांच्या हातात होता. तो वाकला आणि त्याने कान लावला. तातोबाला श्वास घ्यावा की नको, तेही कळेना.

"बोल तातोबा."

"काय बोलू?"

"लग्नाचं."

तातोबा बोलायला लागला. मांडव कुणी घातला, बँड कुठून आणला, नवरदेवाचा मामा कशावरून रुसला... सुबरावची कंबर अवघडली. दात-ओठ खात तो तसाच वाकून राहिला.

"...तर तवाच आमचं रेडिएटर गळाय लागलं हुतं. दाजी म्हणालं, आत हळद घाल, भोक बुजतंय. आता लग्नघरात हळदीला काय तोटा? घातली."

सुबरावने मान वर केली.

"किती घातली?"

"उरल्याली समदी."

सुबरावने रेडिएटरचं झाकण काढलं आणि आत बोट घातलं. बोट बाहेर आलं ते पिवळ्या चिखलाने भरून.

चिमूटभर हळदीने भोक बुजतं. शेरभर घातली, की पाण्याच्या नळ्याच बुजतात. मग पाणी फिरत नाही, इंजिन तापतं आणि हेड तडकतं. कोपऱ्यात पोत्यावर पडलेल्या जुन्या हेडकडे त्याने पाहिलं. त्याच्या भोकांत पिवळा थर साचला होता. उतरवताना त्याला तो दिसला होता. जुन्या गाडीला गंज असायचाच, म्हणून त्याने ते हेड बाजूला फेकलं होतं. नवं हेडही पुढच्याच चढाला तडकलं असतं, आणि ते त्याच्या नावावर.

"तात्या! हे आधी सांगायला काय झालं होतं तुम्हाला?"

"सांगतच हुतो की वो मिस्त्री..."

सुबराव गर्रकन वस्तादांकडे वळला.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"सकाळधरनं."

"मग मला सांगायचं नाही?"

"तू आवळत होतास."

सुबरावला चीड आली, लाजही वाटली, आणि त्यातलं आधी काय गिळावं ते कळेना. डोळ्यांत पाणी आलं म्हणून त्याने मळक्या हाताने तोंड पुसलं आणि तोंड आणखी पिवळं करून घेतलं.

"रेडिएटर उतरवतो. इंजिन धुऊन काढतो. सगळं पुन्हा करतो, वस्ताद. पण मी हात टेकले आता. माझं शिकायचं अजून काय राहिलंय, आणि पाना कधी देणार, हे मला आज तुमच्या तोंडून ऐकायचंय."

वस्ताद खाटेवर जाऊन बसले. थोडे सरकून त्यांनी शेजारी जागा केली आणि हाताने खूण केली. सुबराव धुमसतच बसला.

वस्तादांनी चहा बशीत ओतला आणि बशी तातोबापुढे धरली.

"हं तातोबा," ते म्हणाले, "पंगतीला काय काय होतं?"