रानघेवड्याची तुरट साल

फार पूर्वी बियाण्याच्या एका मडक्यात गोरापान पावटा आणि काळाकुट्ट रानघेवडा शेजारी शेजारी राहत. एक दिवस भुंगेरीणबाई अंडी घालायला घर शोधत आल्या. रानघेवड्याची साल चाटताच त्यांनी तोंड वाकडं केलं. "शी! किती जाड, किती तुरट! इथे माझी पोरं कशी वाढणार?" मग त्या पावट्याकडे वळल्या. "अगोबाई, काय नाजूक साल, काय गोडवा!"

पावटा फुगला. "शेजारी, रूप लागतं हो त्याला!" रानघेवडा हिरमुसून कोपऱ्यात सरकला.

महिन्याभरात बाईंची गुबगुबीत पोरं पावट्याला भोकं पाडून बाहेर आली. आत उरला नुसता भुगा. त्यातली थोरली लगेच स्वतःचं घर शोधायला निघाली आणि रानघेवड्याला चाटून ओरडली, "शी! किती तुरट!"

रानघेवडा खुशीत म्हणाला, "पोरी, तुझ्या तोंडात साखर पडो!"