आधी वास घ्या

नळाच्या पाण्यात नुकतंच क्लोरीन येऊ लागलं होतं, तेव्हाची ही गोष्ट. नारोबाच्या बिअरच्या छोट्या कारखान्यात टाकीतला कोळसा ते क्लोरीन शोषून घेई. तरी नारोबा रोज पाण्याचा वास घेई. "मी असताना वास कसला घेता, मालक?" कोळसा फुशारकीने म्हणाला. नारोबाने वास घेणं सोडलं.

पुढे कोळसा क्लोरीनने काठोकाठ भरला; आणखी शोषवेना. पण आता कुठल्या तोंडाने सांगायचं? त्याने पाणी तसंच पुढे जाऊ दिलं. बिअरला औषधाचा वास आला. नारोबाने बिअर आंबवणाऱ्या यीस्टला दोष देऊन ते गटारात ओतलं. "कोळसेदादा, तुम्ही तरी सांगा हो!" ते कळवळलं. कोळसा शरमेने नुसता ऐकत राहिला.

नवं यीस्ट आलं. "दादा, तुम्ही आहात म्हणून मी निर्धास्त!"

नारोबाने नळाला हात घातला.

"मालक, थांबा," कोळसा कसाबसा म्हणाला. "आधी वास घ्या."