तीन बोटं

"नऊ लाख, सोळा लाख की चोवीस लाख? एकच सांगा बाबा. खरा आकडा कोणता?"

नजमुद्दीननं कलम शाईत बुडवून हात तयार ठेवला. सुलतानाच्या दरबारातला हा इतिहासकार स्वतःला भारी काटेकोर समजायचा. मंगोलांच्या स्वाऱ्यांबद्दल बाकीचे वाटेल ते ठोकून देतात, असं चारचौघांत सांगायचा.

आता मात्र त्याचाच जीव टांगणीला लागला होता. शुक्रवारी ग्रंथ दरबारात वाचायचा होता. सुलतानाला मंगोलांविरुद्ध फौज उभी करायची होती, म्हणून ऐकून रक्त उसळेल असा आकडा हवा. आणि तो खोटा निघाला तर मान उडणार. मागच्या इतिहासकाराची उडाली होतीच की!

तीन जुन्या ग्रंथांत इथल्या कत्तलीचे तीन आकडे, पण साक्षीदार एकच. या पडक्या वेशीत बसणारा फकीर, बहरामबाबा.

"तिन्ही मीच सांगितले," बाबा म्हणाला.

"काय?"

"पहिल्याला नऊ. दुसऱ्याचं तेवढ्यानं भागेना. तिसरा तर बिचारा फार लांबून आला होता..."

नजमुद्दीनचा पारा चढला. "इथं माझ्या जिवावर बेतलंय आणि तुम्ही थट्टा करताय! खरं सांगा. मंगोलांनी या शहरात किती माणसं मारली?"



बाबानं तीन बोटं वर केली.

"तीन लाख!"

"तीन."

"तीन हजार?"

"तीन रे. बायको मरियम. मुलगी जुहरा. आणि एक तान्हा... त्याचं नाव ठेवायचं राहिलं होतं."

"आणि बाकीचे? अख्खं शहर ओस पडलं, बाबा!"

"बाकीचे मी पाहिलेच नाहीत. रोट्यांच्या थंड भट्टीत लपलो होतो. डोळे घट्ट मिटून."

तीन! हे दरबारात वाचायचं? लोक हसतील. आणि सुलतान... सुलतान काही नुसता हसणार नाही.

"मग नऊ लाखांची थाप कशाला मारलीत?" तो ओरडला आणि रागारागानं कलमाची शाई फडक्याला पुसू लागला.

बाबा त्याच्या हाताकडे बघत राहिला.

"पहिल्यालाही आधी तीनच सांगितले होते, बेटा... तोही असाच कलम पुसायला लागला."