कुमुदताईंचा कॉम्प्युटर आणि गोरखचं लग्न

ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. देवाशपथ. सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलं. म्हणजे मी त्या दिवसांत परगावी होतो, पण ज्याने मला सांगितलं तो कधी खोटं बोलत नाही. बोललाच तर लगेच ओळखू येतो.

तर एका गावात गोरख नावाचा एक भोळा गडी राहत होता. त्याच गावात कुमुदताईंचं वधूवर सूचक केंद्र होतं, आणि केंद्राची वेबसाइट गोरख सांभाळायचा. गावोगावच्या पोरापोरींची माहिती तो कॉम्प्युटरवर चढवायचा. त्यांची लग्नं व्हायची. गोरखचं काही होत नव्हतं. तिशी उलटली, केस विरळ झाले, दुसऱ्यांच्या लग्नात जेवून जेवून पोट सुटलं.

तुळशीची लग्नं लागली आणि अख्खा तालुका एकदम वेबसाइटवर आला. कॉम्प्युटर बसला.

"गोरख," ताई म्हणाल्या, "एवढी लगीनसराई केंद्र बंद न पडू देता काढ. तुझ्यासाठी मुलगी मी स्वतः बघते."

 गोरखने ताईंच्या भाच्याला, पुण्याच्या केदारला फोन लावला. केदार मोठमोठ्या वेबसाइट बांधायचा. लाखो माणसं आली तरी त्या पडत नसत. तो कायम मीटिंगमध्ये असायचा, त्यामुळे बोलायचा थोडकंच.

"सगळा भार एकावर टाकू नकोस रे. सगळ्यांना सारखा वाटून दे."

"देतो, दादा."

केदारच्या मनात कॉम्प्युटर होते. एकाचे दोन करा, येणारी गर्दी दोघांत वाटा. गोरखने पाहिलं, तर एका डॉक्टर मुलावर ढीगभर स्थळं पडली होती आणि साठीच्या विधुर हेडमास्तरांकडे कुणी फिरकत नव्हतं. त्याने भार वाटला.

चार दिवसांनी डॉक्टर मुलाचे वडील ताईंकडे आले. "आमच्या मुलाला एक धड स्थळ येईना. आणि मास्तर कलप लावून पारावर बसलेत. म्हणतात, घाई करू नका, मला निवडायला वेळ हवा."

ताईंनी गोरखला फैलावर घेतलं. केदारने पुण्यात बसून ते निस्तरलं आणि वर सांगितलं, "अरे, लोक परत परत तेच तेच विचारतात. दर वेळी कशाला शोधत बसतोस? एकदा काढलेलं उत्तर जवळ ठेव आणि पुढच्याला तेच दे."

"देतो, दादा."

सकाळी पहिल्याच बाईंनी विचारलं, "पत्रिका जुळते का?" जुळत होती. छत्तीस गुण. गोरखने उत्तर जवळ ठेवलं. मग जो विचारेल त्याला छत्तीस गुण. गावात अशी लाट कधी आली नव्हती. ज्योतिषीबुवा अंथरुणाला खिळले. एका पोराने तर मुलाच्या जागी आपली पत्रिका भरली आणि चुकून मुलीच्या जागीही आपलीच. छत्तीस गुण.

"मला वाटतच होतं," तो म्हणाला, आणि पेढे वाटून घरी गेला.

ताईंनी गोरखला पुन्हा केदारला फोन लावायला लावलं.

"ठेवलेलं उत्तर शिळं होतं रे," केदार म्हणाला. "दर वेळी ताजं विचार. आणि ज्याच्याकडून झटकन उत्तर येत नाही, त्याच्यापाशी ताटकळू नकोस. सोड त्याला, शेजारच्याला विचार."

"विचारतो, दादा."

एवढं होऊनही केंद्र चालू होतं, आणि ताई शब्दाच्या पक्क्या. त्या गोरखला घेऊन शेजारच्या गावी वैजयंताला बघायला गेल्या. पोहे झाले, चहा झाला. गोरखला मुलगी इतकी आवडली की त्याने बशीतली मिरचीसुद्धा खाल्ली. ताईंनी विचारलं, "काय गं, मुलगा कसा वाटला?"

वैजयंताने खाली बघितलं. एक श्वास घेतला.

गोरख उठला, चपला घातल्या आणि शेजारच्या घरी गेला. तिथे एक काकू तांदूळ निवडत होत्या.

"काकू, मी कसा वाटलो?"

"बरा आहेस की."

गोरख परत आला. "हो म्हणाल्या," त्याने ताईंना सांगितलं.

ताईंनी पदर तोंडाला लावला. वैजयंता मात्र हसून हसून बेजार झाली आणि त्या भरात हो म्हणाली. तारीख ठरली. गोरख रस्त्याने जाताना म्हशींनाही नमस्कार करू लागला.

आणि ऐन आठवड्यावर लग्न आलं असताना कॉम्प्युटर परत बंद पडला.

"ज्याच्यावर सगळं अवलंबून आहे त्याची जोड ठेवायची," केदार म्हणाला. "हुबेहूब दुसरा. पहिला जागेवर नसला की दुसऱ्याने तिथल्या तिथे काम उचलायचं. बघणाऱ्याला कळताही कामा नये."

"ठेवतो, दादा."

गोरख विचार करत बसला. सगळं कशावर अवलंबून आहे? लग्नावर. लग्न कुणावर? नवऱ्यावर.

त्याचा मावसभाऊ संपत अंगाने, रंगाने, पोटानेही त्याच्यासारखाच. गोरखने त्याला आपल्यासारखाच फेटा घेतला, तशीच शेरवानी शिवली, तशाच मुंडावळ्या आणल्या. "मी जागेवर नसलो की तू उभं राहायचं," तो म्हणाला. संपत हो म्हणाला. सांगितलेलं ऐकायचं, हे त्यांच्या घराण्यातच होतं. बघणाऱ्याला कळू द्यायचं नव्हतं, म्हणून दोघांनी कुणाला काही सांगितलं नाही.

मुहूर्ताची वेळ झाली, भटजींनी अंतरपाट मागवला, आणि गोरखचा फोन वाजला. वेबसाइट उघडत नव्हती. त्याने संपतला खूण केली आणि मांडवामागून केंद्राकडे धूम ठोकली.

कॉम्प्युटर सुरू करून तो परतला तेव्हा पंगत बसली होती. दारातच ताई दिसल्या. त्यांनी एकदा गोरखकडे पाहिलं, एकदा मांडवाकडे.

"तू इथे? मग वैजूने हार कुणाला घातला?"

"मुहूर्त टळला का, ताई?"

"नाही."

"मंगलाष्टका मध्येच थांबल्या?"

"नाही रे."

"पाहुण्यांना काही कळलं?"

"मलाच आत्ता कळतंय."

ताई तशाच वैजयंताकडे गेल्या. ती शांतपणे संपतला जिलबी भरवत होती. "अगं, अंतरपाट दूर झाल्यावर तुला दिसलं नाही का?"

"दिसलं की," ती म्हणाली. "पण हा समोर उभा तरी होता."

तोवर गोरखने केदारला फोन लावला होता. 

"दादा, जोड कामाला आली. एक क्षणसुद्धा लग्न बंद पडलं नाही."

ताईंनी त्याच पावली त्याला कामावरून काढून टाकलं.

हे शेवटचं वाक्य मात्र मी पदरचं घातलंय. काढतात कशाच्या? तो कॉम्प्युटर चालवणारा गोरख गावात एकटाच, आणि त्याची जोड ठेवायचं कुणालाच सुचलं नव्हतं.