सखा कासाराची मूठ

फार फार वर्षांमागं, आपल्या गावची वेस अजून मातीची होती तेव्हा, इथं सखा कासार बांगड्या भरायचा. त्याच्या हातात मनगट कधी दुखलं नाही, असं म्हणतात. रडकी पोरसुद्धा हात पुढं करून झोपी जायची.

तेल्याची राही दर सणाला त्याच्याकडं यायची. तिचं लक्ष बांगड्यांच्या रंगाकडं, सखाचं तिच्याकडं. पण बोलणार कसा? परक्या बाईचा हात हाती घेणाऱ्यानं नजर खाली ठेवावी, हा कासाराचा धर्म. त्यात ती त्याला दादा म्हणायची. बिचारा आतल्या आत झुरायचा.

पुढं राहीचं लग्न ठरलं आणि चुडा भरायला सखालाच बसावं लागलं. नवरीचा चुडा भरताना बांगडी फुटली तर अपशकुन, हे तुम्हांला ठाऊकच आहे. तेव्हा तर तेवढ्यावरून वऱ्हाड माघारी फिरायचं. कधी न थरथरलेला सखाचा हात शेवटच्या बांगडीला थरथरला आणि काच तडकली. त्यानं ती तशीच मुठीत आवळली अन् आवाज झाकायला मोठ्यानं गाणं धरलं:

"ढिला सोड हात बाई, हिरवा चुडा भरू दे,
माझ्या हातातला हात दुज्या हाती ठरू दे."

बायका हसल्या, त्यांनीही सूर धरला. तेवढ्यात सखानं मोकळ्या हातानं दुसरी बांगडी चढवली. राही पाया पडली. "अहेव राहा," एवढंच तो म्हणाला आणि मूठ न उघडता चिंचेच्या उतारानं निघून गेला. पुन्हा कुणाला दिसला नाही. राहीचा चुडा मात्र जन्मभर फुटला नाही, असं म्हणतात. उतारावर भर दुपारी अजून काकणं किणकिणतात, असंही म्हणतात.

चुडा भरताना शेजारी बसलेल्या राहीच्या आत्यानं सखाच्या मुठीतून गळलेलं रक्त पाहिलं होतं, पण लग्नघरात ती गप्प राहिली. राही पहिल्या माहेरपणाला आली तेव्हा आत्यानं सांगितलं, "पोरी, ते गाणं नुसतं आशीर्वादाचं नव्हतं गं. सख्याचा जीव तुटत व्हता."

राहीनं चुड्यावरून हात फिरवला.

"आत्या, मला त्याचं तोंडच आठवंना," ती म्हणाली. "मी कधी वर बघितलंच न्हाई."

म्हणून आपल्या गावात शेवटची बांगडी भरताना बायका तेच गाणं मोठ्यानं म्हणतात. नवरी मान वर करते, कासाराचं तोंड डोळे भरून बघते, आणि मगच पाया पडते.